दोन भावांचं नाटक शिकवणाऱ्या हिवाळे मॅडम

हिवाळे मॅडमना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. चिखलीहून उंद्रीच्या पुढं गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून कागदांवर सह्या करत होतो. दोन खोल्या पलीकडून एका बाईचा आवाज आला. "हे द्वार उघडणार नाही. माझ्याच रक्ताने हाक मारली तरी उघडणार नाही." माझा हात थांबला. मुख्याध्यापक मान वर न करता म्हणाले, "सही करा. मराठीचा तास चालू आहे."

तास सुटल्यावर जी बाई बाहेर आली ती जेमतेम पाच फुटांची. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, पदर कमरेला खोचलेला, हात मनगटापर्यंत खडूनं पांढरे. एवढ्याशा देहातून तो आवाज निघाला यावर माझा विश्वास बसेना. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "नवीन सर का? डबा नसन आणला तर या जेवाले. मायनं आज अंबाडीची भाजी देल्ली."

निर्मला हिवाळे त्यांचं नाव. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले. आई आणि पंधरा वर्षांनी धाकटा भाऊ मिलिंद, एवढं घर. मिलिंदला शाळेत घालण्यापासून पुण्याच्या कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं होतं. पण त्याबद्दल त्या बोलत नसत. त्या बोलत त्या नाटकाबद्दल.

ते नाटक त्यांना धाडच्या आठवडी बाजारात सापडलं होतं, नोकरी लागायच्या आधी. शेंगदाणेवाल्याच्या रद्दीत एक जुनं पुस्तक होतं आणि तो त्याची पानं फाडून पुड्या बांधत होता. मॅडमनी पुडी उलगडून वाचली आणि परत जाऊन उरलेलं पुस्तक मागून आणलं. तोवर पहिली सोळा पानं बाजारात वाटली गेली होती. त्यामुळे नाटकाचं नाव कळलं नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. बुलढाण्याच्या आणि चिखलीच्या वाचनालयांत त्यांनी दाखवून पाहिलं, कुणाला ओळखता आलं नाही. भाषेवरून एवढंच कळे की जुन्या काळातलं, जड भाषेतलं, शोकांत नाटक आहे. मुलं विचारत, "मॅडम, लेखक कोण?" मॅडम म्हणत, "तो गेला शेंगदान्याच्या पुडीत. आपल्याले नाटक राह्यलं, तेवढं बस."

जानेवारीत अभ्यासक्रम संपला की झेरॉक्सच्या प्रती वाटून त्या ते नाटक वर्गात वाचून घेत. परीक्षेत त्यावर एक प्रश्न नसे. तरी त्या दिवसांत वर्ग भरलेला असे आणि विज्ञान शाखेची मुलं खिडकीत उभी राहत.

नाटकाची गोष्ट साधी आहे. एका राज्यात तापाची साथ येते. नगरात साथ शिरू नये म्हणून राजा आज्ञा काढतो, वेशीचा दरवाजा कुणालाही उघडायचा नाही. वेशीच्या किल्ल्या थोरल्या भावाकडे, रुद्रसेनाकडे असतात. धाकटा सोमसेन बाहेरच्या वस्तीत राहतो. तिथं अन्न संपतं तेव्हा तो तीनशे माणसं घेऊन वेशीशी येतो आणि भावाला हाक मारतो. रुद्रसेन दरवाजा उघडत नाही. तिसऱ्या अंकात त्याचा धीर सुटतो आणि तो तटावरून दोर सोडतो. तू एकटा वर ये, म्हणतो. सोमसेन दोर हातात घेतो, बराच वेळ धरतो आणि सोडून देतो. तो बाहेरच्यांबरोबर मरतो. शेवटच्या अंकात कळतं की ताप केव्हाच नगरात शिरला होता, राजवाड्यातूनच. रुद्रसेन किल्ल्या मांडीवर घेऊन बंद दारापाशी बसतो आणि पडदा पडतो.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच म्हणालो, "थोरला चुकला."

"हाव, पण आत किती माणसं होती, सर?"

"मग धाकटा चुकला. त्यानं दोर धरायला हवा होता."

"हाव, पण मग बाहेरचे तीनशे?"

हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'. या 'हाव, पण'वरून मुलांनी त्यांचं नावच 'हाव-पण मॅडम' पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं. मी गणिताचा माणूस, मला उत्तर एक लागतं. चिडून म्हणालो, "मग बरोबर कोण?" त्या म्हणाल्या, "दोघंही. एक चूक असता तर ते नुसतं भांडण असतं. दोघंही बरोबर आहेत म्हनून रडू येते."

शिकवायची त्यांची पद्धत वेगळी होती. आधी त्या विचारत, कुणाला थोरला पटतो, कुणाला धाकटा. हात वर करून घेत. मग ज्याला थोरला पटतो त्याला धाकट्याचं काम देत आणि उलट. मुलं कुरकुरत. "ज्याचा राग येते त्याचं काम घ्या," मॅडम म्हणत. "आपल्या आवडीच्या मानसाचं काम कोनीबी करते."

एका वर्षी पोलीस पाटलांचा मुलगा होता. हुकूम म्हणजे हुकूम, असं त्याचं मत. त्याला सोमसेन मिळाला. दोराच्या प्रवेशात तो वाचायला उभा राहिला. "दादा, या दोराने एक माणूस वर येईल. तो तुझा भाऊ असणार नाही." एवढं वाचून तो थांबला. कागद हातात तसाच. वर्गाला वाटलं ओळ चुकली. मॅडमनी कुणाला पुढचं सांगू दिलं नाही. चार-पाच मिनिटं तो मुलगा उभा होता आणि सत्तर मुलं गप्प बसली होती. मी शेजारच्या वर्गात समीकरण सोडवत होतो, मीही थांबलो. मग मॅडम म्हणाल्या, "बस बाळा. बाकीचं उद्या." तो मुलगा आज पोलीस खात्यात आहे. भेटला की गणिताबद्दल एक शब्द काढत नाही, नाटकाबद्दल विचारतो.

नाटक त्या पुस्तकातल्या मराठीत वाचत, एकेक शब्द घासून पुसून ठेवल्यासारखा. पुस्तक मिटलं की आमच्या वऱ्हाडीत. एकदा प्रशिक्षणाला पुण्याला गेलो होतो, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले शिक्षक. ओळख करून देताना मॅडम म्हणाल्या, "मले मराठी शिकवता एकोनीस वर्सं झाली." मागं दोघं-तिघं हसले. मॅडमनी ऐकलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दुपारी प्रकट वाचनाचा तास होता. त्यांनी रुद्रसेनाचं शेवटचं भाषण पाठ म्हटलं, हातात कागद नाही. संपल्यावर टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. मॅडमच म्हणाल्या, "चला, आता जेवाले जाऊ. भूक लागून राह्यली."

शिक्षकांच्या खोलीतही त्या हेच करत. आमचे खेळाचे सर आणि विज्ञानाचे सर एका खोलीवरून वर्षभर भांडत होते. एकाला तिथं साहित्य ठेवायचं होतं, दुसऱ्याला प्रयोग करायचे होते. मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकांची बाजू मांडायला लावली. दहा मिनिटांनी खेळाचे सर विज्ञानाच्या सरांची अडचण सांगता सांगता इतके कळवळले की खोली त्यांनाच मिळाली पाहिजे म्हणून हट्टाला पेटले. विज्ञानाचे सर म्हणाले, अजिबात नाही, मुलांना मैदानाचं साहित्य आधी. भांडण मिटलं नाही, बाजू तेवढ्या बदलल्या. खोलीत शेवटी पोषण आहाराचे तांदूळ ठेवले. मॅडम त्यानंतर कितीतरी दिवस हे आठवून पदर तोंडाला लावून हसत.

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढं जे घडलं ते कुठल्या बाईनं केलं हे कळावं.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा आम्हा शिक्षकांना गावाच्या वेशीवर बसवलं. चिखलीकडच्या रस्त्यावर मी आणि मॅडम. रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, त्या सरकवायला एक लांब बांबू. लिंबाखाली दोन खुर्च्या आणि एक रजिस्टर. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, हे लिहायचं. गावाच्या समितीनं ठरवलं होतं की पुण्या-मुंबईहून येणाऱ्यानं चौदा दिवस बाहेर राहायचं. पाझर तलावाजवळ चौकीदाराच्या दोन जुन्या खोल्या होत्या, तिथं. वीज नव्हती, दारं धड लागत नव्हती.

पहिला आला वाघांचा गणेश, मुंबईहून. वाघांची म्हातारी काट्यांपाशी येऊन रडली. माझा एकुलता एक आहे, म्हणाली, विंचू-किरड्याच्या जागी कसा झोपन. समिती हलली नाही. मॅडमनी रजिस्टरमध्ये गणेशचं नाव लिहिलं आणि तो खोलीकडे गेला. म्हातारी रोज दुपारी डबा आणून काट्यांशी ठेवायची आणि तो घेऊन जाईपर्यंत उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास रस्त्यावर तिघं दिसली. एक पुरुष, एक बाई, तिच्या कडेवर बाळ. एप्रिलचं ऊन. जवळ आल्यावर मी ओळखलं, मिलिंद. त्याच्या लग्नात मी जेवलो होतो. पुण्याहून कांद्याच्या ट्रकनं चिखलीपर्यंत आणि तिथून पायी आले होते. बायको रेखाच्या पायांत चपला नव्हत्या, ओढणीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पोरगी दहा महिन्यांची, लाल झालेली.

"ताई, आधी पानी दे," मिलिंद म्हणाला.

मॅडमनी कळशीतलं पाणी बाटलीत भरलं आणि बांबूनं पलीकडे सरकवलं. तिघांनी ते आळीपाळीनं संपवलं. एवढ्यात सरपंच भास्करराव मोटारसायकलवर आले. त्यांनी सगळं पाहिलं.

"मॅडम, तुमचा भाऊ आहे. सोडा त्याले. घरातल्या घरात एका खोलीत ठेवा. कोन काय म्हनते?"

वाघांची म्हातारी डबा घेऊन तिथंच उभी होती. डबा तिनं या हातातून त्या हातात घेतला, एवढंच.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भास्करभाऊ, परवा गणेशचं नाव कोनी लिहिलं?"

"ते वेगळं, मॅडम."

"काऊन वेगळं?"

मिलिंद पलीकडून म्हणाला, "ताई, तिथं लाईट नाही. पोरीले काही झालं तर?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्या 'हाव'पुढं 'पण' आलं नाही.

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि खाली मान घालून लिहिलं. मग ते माझ्या हातात दिलं. मी वाचलं. मिलिंद हिवाळे, पत्नी व मुलगी, मुक्काम तलावाची खोली. त्याखाली आणखी एक ओळ होती. हिवाळे निर्मला, गावातून बाहेर गेली, वेळ सव्वातीन, चौदा दिवस.

"मॅडम, आई एकटी आहे तुमची," मी म्हणालो.

"चंद्रकला आहे शेजारी. तिले सांगतो फोनवर. मायले दोन टाईम भाकर देईन ते." एवढं बोलून त्यांनी कळशी उचलली, बांबूनं काट्या सरकवल्या आणि पलीकडे गेल्या. रेखाच्या कडेवरचं बाळ घेतलं. दहा पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "सर, काटी लावून घ्या."

मी काटी लावली. सरपंच मोटारसायकल बंद करून तिथंच बसले. वाघांच्या म्हातारीनं डबा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मास्तर, उद्यापासून पाच जनांचं आणतो."

माझ्या खुर्चीवरून तलावाच्या खोल्या दिसत. सकाळी मॅडम अंगण झाडताना दिसायच्या. दोरीवर बाळाचे कपडे. मिलिंद आणि गणेश मिळून दारं बसवत होते. संध्याकाळी वारा आमच्याकडून असला की काही ऐकू येत नसे, तिकडून असला की रुद्रसेनाचं भाषण ऐकू यायचं. पोरगी कशानंच रडायची थांबत नसे, या आवाजानं थांबते, असं मॅडमनी मला फोनवर सांगितलं. मला वाटायचं, बाईनं बाजी मारली. जे नाटकातल्या दोघांना जमलं नाही ते हिनं करून दाखवलं. दरवाजाही बंद राहिला आणि भाऊही एकटा राहिला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी चंद्रकलाबाई चहा घेऊन मॅडमच्या घरी गेल्या तर आई झोपेतच गेली होती. ताप नाही, खोकला नाही. वय झालं होतं.

मीच फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, "बरं."

तासाभरात सरपंच आणि गावातले चार जाणते माझ्याबरोबर काट्यांपाशी आले. तिकडून मिलिंद जवळजवळ धावत येत होता, मागून मॅडम. सरपंचांनी स्वतः बांबू हातात घेतला. "चला मॅडम. अकरा दिवस झाले, तुम्ही सगळे बरे आहा. गाव काही म्हनत नाही. मायची माती आहे."

मिलिंद पुढं झाला. मॅडम त्याच्या आणि काट्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"तीन दिवस राह्यले," त्या म्हणाल्या.

"ताई, बाजूले हो."

"घरात आता पन्नास बाया बसल्या असतील. निम्म्या साठीच्या वरच्या. आपल्याले काही नसन, मले माहीत आहे. हाव. पण नसनच, हे कोन सांगते?"

"तुही माय नव्हती का ते?"

"माहीच होती."

मिलिंदनं त्यांना खांद्याला धरून बाजूला करायला हात उचलला. तो हात तसाच राहिला. मग तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. मॅडम उभ्याच होत्या. सरपंचांनी बांबू खाली ठेवला. गावातले आम्ही सहा पुरुष होतो आणि आमच्यातल्या एकालाही त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहता आलं नाही.

त्या दिवशी आईला न्हाऊ घातलं ते वाघांच्या म्हातारीनं. आमच्या गावात अशा कामाला कोण कुणाच्या घरी जातं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, आणि त्यात वाघांचं घर हिवाळ्यांकडे येत नाही. म्हातारी आली, पदर खोचला आणि पाणी तापवायला सांगितलं. कुणी अडवलं नाही.

अंत्ययात्रा नेहमीच्या वाटेनं न नेता तलावाच्या बाजूनं नेली. एका बांधावर आम्ही तिरडी टेकवली. पलीकडच्या बांधावर मॅडम, मिलिंद, रेखा, कडेवर पोरगी. मधे एक पडीक वावर, शंभर-सव्वाशे पावलांचं. वंदना म्हणणारा आमच्याकडचा मुलगा नवखा होता, सुरुवातीलाच अडखळला. तेव्हा पलीकडून मॅडमचा आवाज आला. त्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, सगळं, शब्दन्‌शब्द स्पष्ट, शेवटपर्यंत. आवाज एकदाही हलला नाही.

चौदा दिवस झाले. तपासणी झाली, पाचही जण ठणठणीत. गावातही कुणाला काही झालं नाही. म्हणजे त्या दिवशी त्या आल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. हे सगळ्यांना कळलं, मिलिंदलाही. तो घरी गेला, आईच्या खाटेपाशी उभा राहिला, बायको-मुलीला घेतलं आणि त्याच संध्याकाळी सासुरवाडीला, धाड गावी निघून गेला. पुण्याला परत गेलाच नाही, तिथंच भाजीपाला करायला लागला. मॅडम मला म्हणाल्या, "तो माह्याजवळून असा गेला, जसा मी दाराचा खांब होये."

शाळा पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं. जानेवारी आला तेव्हा आम्हाला वाटलं की यंदा मॅडम नाटक घेणार नाहीत. त्यांनी झेरॉक्स काढून आणल्या. शेवटचा अंक झाला त्या दिवशी मी माझा तास सोडून मागच्या बाकावर जाऊन बसलो. वाचन संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. गावातलीच, तिला सगळं माहीत होतं.

"मॅडम, थोरला बाहेर काऊन नाही गेला? तुम्ही तर गेल्या."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"माह्याजवळ रजिस्टर घ्याले सर होते. त्याच्याजवळ किल्ल्या घ्याले कोन होतं? मी एकटी असती नं बाळा, तर मीबी तिथंच बसली असती, तो बसला तशी." चष्मा परत लावून त्या म्हणाल्या, "आन बाहेर गेल्यानं सुटलं असं समजू नका. मी एक काटी ओलांडली, तर दुसरी पुढं उभीच होती."

त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. विचारू नये ते मी विचारलं. "मॅडम, आता मागं पाहिलं की चुकलं असं वाटतं?"

"रोज वाटते."

"मग?"

"मग काय. पुन्हा तसाच दिवस आला तर पुन्हा तेच करीन, हेबी रोज वाटते. दोन्ही घेऊनच उठतो, दोन्ही घेऊनच झोपतो." आणि त्यांनी वह्या तपासायला ओढल्या.

मी त्यांच्याबरोबर सतरा वर्षं काम केलं. पुष्कळ विद्वान माणसं मी ऐकली आहेत, कोणतं नाटक का थोर आहे हे सांगणारी. एखादं नाटक अंगावर घेऊन जगणारं माणूस मी हे एकच पाहिलं. आणि जगूनही त्यांनी थोरल्याला नावं ठेवली नाहीत, धाकट्यालाही नाही, हे मला अजून पेलत नाही. मिलिंदबद्दल कुणी वाकडं बोललं तर त्या लगेच म्हणत, "त्याची माय होती हो ते. त्याले राग येनारच. नसता आला तर मले त्याची भीती वाटली असती."

मॅडम निवृत्त झाल्या. मीही चिखलीला राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी काही कामानं धाडला गेलो होतो. परत निघताना एसटीच्या थांब्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मॅडम बसलेल्या दिसल्या. केस पार पांढरे झाले होते. शेजारी एका पिशवीत वांगी आणि कोथिंबीर, दुसऱ्या पिशवीतून लहान मुलीचा फ्रॉक डोकावत होता. मांडीवर डोकं ठेवून पाच-सहा वर्षांची पोरगी झोपली होती, तोंड किंचित उघडं.

"मिलिंदची?" मी हळूच विचारलं.

"हाव. सुट्टीत माह्याकडे राहाले येते. दोन वर्सं झाली."

"मिलिंद बोलतो का आता?"

मॅडमनी पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "नाही. पोरगी पाठवते नं तो."

चिखलीची गाडी आली, आम्हा दोघांनाही तीच हवी होती. लोक दाराशी दाटले. मी मॅडमच्या पिशव्या उचलायला वाकलो तर त्यांनी मान हलवली. "आत्ताच झोपली. बाजारभर हिंडली सकाळपासून. उठवत नाही. तुम्ही व्हा पुढं, सर."

"पुढची गाडी दीड तासानं आहे, मॅडम."

"असू द्या."

मला घाई होती, मी चढलो. खिडकीची जागा मिळाली. गाडी वळताना पाहिलं तर शेडच्या पत्र्यातून ऊन सरकत सरकत पोरीच्या पायांपर्यंत आलं होतं आणि मॅडम पदर पसरून तिचे पाय हलकेच त्याखाली घेत होत्या.